शबनम विरमानींचे कबीर-चित्रपट आणि आपण इंदूरकर

(श्रावणातल्या चार रविवारी आपल्या मंडळाने चार माहितीपट दाखवले. त्या मालिकेच्या समारोपाला झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सभासद, आणि चारही रविवारी न चुकता आलेल्या सतरा रसिकांनो,

सतरा हा आकडा मुद्दाम सांगतो आहे. पहिल्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या होत्या, कारण त्या दिवशीचा चित्रपट कुमारजींवर होता. दुसऱ्या रविवारी निम्मे लोक आले. तिसऱ्याला पाऊस होता, असे आपण म्हणू. चौथ्याला आपण सतरा उरलो, त्यात चहावाले दोघे. मी तक्रार करत नाही. पण पहिल्या आणि चौथ्या रविवारच्या गर्दीत जो फरक पडला, त्याविषयीच मला आज बोलायचे आहे. मी चित्रपटांचा जाणकार नव्हे. वीज खात्यात पस्तीस वर्षे नोकरी केलेला माणूस आहे. खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांतले मला कळते. त्यामुळे कॅमेऱ्याचे कोन वगैरे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत.

आधी ज्यांचे चित्रपट आपण पाहिले त्या बाईंविषयी थोडे. शबनम विरमानी यांनी सुरुवातीला वृत्तपत्रात काम केले, मग त्या माहितीपटांकडे वळल्या. अहमदाबादेत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'दृष्टी' नावाचा माध्यमगट उभा केला. त्यांचे सुरुवातीचे चित्रपट स्त्रियांच्या लढ्यांवर आहेत. आंध्रात नेल्लोरकडच्या बायकांनी दारूविरुद्ध आंदोलन करून सरकारला नमवले, त्यावर त्यांचा एक चित्रपट आहे. आपल्या मध्य प्रदेशातल्या कार्यकर्त्या बायकांवर 'तू ज़िंदा है' आहे. पुढे कच्छमधल्या ग्रामीण बायकांबरोबर त्यांनी भुजच्या आकाशवाणीसाठी कच्छी भाषेत कार्यक्रम केले. म्हणजे गाणे हा काही त्यांचा मूळ विषय नव्हता.

मग २००२ साल आले. गुजरातेत जे झाले ते आपल्याला माहीत आहे, दाहोद इथून फार लांब नाही. त्यानंतर २००३ मध्ये, बंगळुरूच्या सृष्टी या कलासंस्थेत असताना, त्यांनी कबीराचा शोध सुरू केला. पुस्तकातला कबीर त्यांना नको होता, गाणाऱ्यांच्या तोंडातला हवा होता. सहा वर्षे त्या हिंडल्या: मालवा, राजस्थान, छत्तीसगड, अयोध्या, बनारस, पार पाकिस्तानपर्यंत. २००८ पर्यंत त्यातून चार चित्रपट झाले, प्रत्येक साधारण दीड तासाचा. 'हद-अनहद', 'चलो हमारा देस', 'कोई सुनता है' आणि 'कबीरा खड़ा बाज़ार में'. चित्रपट करता करता बाई स्वतः तंबुरा घेऊन गायला शिकल्या. आता त्या स्वतः गातात, आणि कुठून शिकल्या ते सांगतात. त्यांनी पुढे 'अजब शहर' नावाने या गाण्यांचा मोठा संग्रह उभा केला, शाह अब्दुल लतीफ या सिंधी संतकवीवर पुस्तक केले. पण आपल्याशी संबंध आहे तो या चार चित्रपटांचा, कारण चारांपैकी तिघांचा मुक्काम आपल्या मालव्यात आहे. इथून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर.

आता 'कोई सुनता है'. हा कुमारजींचा चित्रपट, म्हणून आपण सगळे आलो. इथल्या मराठी घरांत कुमारजी हा घरचा विषय आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकलेले, वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी क्षयाने आजारी पडून १९४८ च्या जानेवारीत देवासला हवापालटासाठी आले आणि कायमचे देवासचेच झाले. राहुलजी बारपुते 'नई दुनिया'चे संपादक, विष्णू चिंचाळकर गुरुजी, बाबा डिके, ही त्यांची इंदूरची मित्रमंडळी. आपल्यापैकी कितीतरी जणांनी या माणसांना रस्त्यात नमस्कार केलेला आहे. माझ्या मामांकडे कुमारजींच्या निर्गुणी भजनांची तबकडी होती आणि ती वाजत असताना घरात बोलायची बंदी होती. आम्ही मुले ती भजने 'कुमारजींची भजने' म्हणूनच ओळखत होतो. शेवटच्या ओळीत कबीराचे नाव येते म्हणून ती कबीराची. पण मधे आणखी कोणी आहे, हे डोक्यात कधी आले नाही.

वास्तविक कुमारजींनी ते कधी लपवले नाही. आजारपणात गायला मनाई होती. पाच-सहा वर्षे ते खाटेवर पडून ऐकत होते. देवासच्या टेकडीखालच्या रस्त्याने येणारे-जाणारे, शेतावरच्या बाया, दारात भिक्षेला येणारे नाथजोगी, सगळ्यांचे गाणे कानावर पडत होते. त्या जोग्यांच्या गाण्यातली फेक, ते निर्भय एकटेपण त्यांच्या मनात रुतून बसले. देवासलाच शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तिथल्या भजनांच्या संग्रहातून त्यांनी पदे घेतली. मालवी लोकगीतांची मोठी मैफल त्यांनी बांधली. लोकधुनांतून नवे राग काढले आणि त्यांना 'धुनउगम' हे नाव दिले. म्हणजे उगम कुठला हे नावातच सांगून ठेवले. तरी आपल्याला ऐकू आले ते एवढेच, की कुमारजी महान.

विरमानीबाईंनी चित्रपटात काय केले? त्यांनी कुमारजींचे गाणे आणि मालव्यातल्या गावांतले गाणे एकमेकांत विणले. एकीकडे तंबोऱ्यांच्या जोडीवर टांगलेला तो सूर, मधली शांतता. दुसरीकडे ढोलक, मंजिरा, करताल, चार जणांचा गळा आणि मधे मालवी बोली. आपल्या सभागृहात त्या वेळी एक गंमत झाली. कुमारजींचे गाणे लागले की माना डोलत. गावातले लागले की कोणीतरी खोकत, कोणी घड्याळ पाही. मी मागच्या रांगेत होतो, मला सगळे दिसत होते. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही असाच बसलो होतो, म्हणून सांगतो.

डॉ. जब्बार पटेलांचा 'हंस अकेला' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. चांगला आहे. कुमारजींचे आयुष्य त्यात नीट उभे राहते. पण त्यात मालवा कुमारजींच्या मागे उभा आहे. विरमानीबाईंनी मालव्याला कुमारजींच्या शेजारी बसवले. कुमारजी त्याने लहान होत नाहीत. उलट त्यांनी त्या गाण्यात किती उतरून पाहिले, आणि आपले गाणे करताना काय गाळले, काय राखले, ते तेव्हाच कळते.

'चलो हमारा देस' आणि 'कबीरा खड़ा बाज़ार में' या दोन्हींच्या मध्यभागी प्रल्हादसिंह टिपानिया आहेत. उज्जैन जिल्ह्यात तराना तहसिलीत लुनियाखेडी नावाचे खेडे आहे, मक्सीच्या जवळ. टिपानियाजी तिथले. बलाई समाजातले, पेशाने शाळामास्तर. तरुणपणी तंबुऱ्याचा आवाज कानावर पडला आणि त्या वाद्याच्याच ओढीने ते भजनात आले, अर्थ नंतर कळत गेला. हा तंबुरा आपल्या मैफलीतला नव्हे. हा उभा धरायचा, पाच तारांचा. एका हाताने तारा छेडायच्या आणि दुसऱ्या हातात करताल. त्यांच्या मंडळीत ढोलक, हार्मोनियम आहे, आणि व्हायोलिनही आहे. खेड्यातल्या भजनात व्हायोलिन पाहून माझी सून चकित झाली. मालव्यातल्या माणसाला जे चांगले वाजते ते घ्यायला लाज वाटत नाही, एवढेच त्याचे उत्तर. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा इंदूरच्या वर्तमानपत्रांत मोठे फोटो आले. त्याआधी किती वर्षे ते आसपासच्या गावांत रात्र-रात्र गात होते, त्याची बातमी झाली नव्हती.

'चलो हमारा देस'मध्ये त्यांच्याबरोबर लिंडा हेस आहेत, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विदुषी. कबीराच्या बीजकाचे त्यांनी शुकदेव सिंहांच्या साहाय्याने इंग्रजीत भाषांतर केले आहे. कबीराची लिखित पोथी आयुष्यभर वाचलेल्या या बाई मालव्यात येतात आणि त्यांच्या लक्षात येते, की जिवंत कबीर पोथीबाहेर हिंडतो आहे. एका पदाचे तीन गावांत तीन पाठ आहेत, आणि गाणाऱ्याला त्याची खंत नाही. या दोघांची मैत्री फार सुंदर आहे. एक मालवी मास्तर, एक अमेरिकन प्राध्यापक. दोघेही एकमेकांना शिष्य समजतात असे वाटते. मला चारांत सर्वात जास्त हाच आवडला. आमच्याकडे आजी-आजोबांच्या वयाची दोन माणसे देवाविषयी बोलायला बसली, तर असेच बोलतील. थोडे हसत, थोडे अडत.

'हद-अनहद' सर्वात लांब पल्ल्याचा. अयोध्येपासून सुरुवात. कबीराचा राम कोणता, असे विचारत बाई निघतात. बिकानेरकडच्या पुगळचे मुख्तियार अली आहेत, मिरासी घराण्यातले. सीमेपलीकडे कराचीचे फरीदुद्दीन अयाझ कव्वाल आहेत. त्यांच्या तोंडून कबीर ऐकताना अंगावर काटा येतो. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर हा चित्रपट मला थोडा विस्कळीत वाटला. एका माणसाशी जरा ओळख होते न होते, तोवर आपण पुढच्या गाडीत. शिवाय सगळ्याच चित्रपटांत बाई स्वतः आहेत, त्यांचे प्रश्न आहेत, त्यांची अस्वस्थता आहे. काही ठिकाणी मला वाटले, की गावातला गायक हा शहरातल्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला बसवलेला आहे. त्याचे स्वतःचे प्रश्न, म्हणजे सोयाबीनचा भाव, मुलाची नोकरी, ते कोण विचारणार? हे माझे मत. विरमानीबाई निदान स्वतःला लपवत नाहीत. आपण बाहेरच्या आहोत हे त्या कॅमेऱ्यासमोर मान्य करतात, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. का, ते आता सांगतो.

मी १९८६ ते १९९१ या काळात मक्सी-तराना भागात होतो. नवीन लाइन टाकायचे काम. सकाळी जीपने निघायचो आणि अंधार पडायच्या आत इंदूरचा रस्ता धरायचो. त्या भागातली गावे मला खांबांच्या नंबरावरून पाठ होती. एका गावी ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून उशीर झाला, रात्रीचे दहा वाजले. काम चालू असताना गावाच्या कडेच्या वस्तीतून आवाज येऊ लागला. तारेचा एक सूर, त्यावर ढोलक. थांबून थांबून, पण न संपणारा. मी सरपंचाकडच्या माणसाला विचारले, हे काय आहे? तो म्हणाला, "कुछ नहीं साहब, वो तो उनके यहाँ का भजन है." 'उनके' या शब्दावर त्याने हात त्या दिशेने असा उडवला. मला सगळे समजले आणि मी पुढे विचारले नाही. जीपमध्ये बसलो. त्या जीपमध्ये कॅसेट प्लेअर होता. घरी येईपर्यंत मी कुमारजी ऐकत आलो. त्या भजनांत त्या रात्रीचे एखादे होते की काय, देव जाणे.

माझा एक लाइनमन होता. नाव सांगत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही. त्याच भागातला, त्याच वस्तीतला. तो स्वतः करताल वाजवत असे, हे मला चार वर्षांनी कळले. १९९३ साली मी आपल्या या मंडळाचा सचिव होतो. गणेशोत्सवात काहीतरी स्थानिक असावे असे माझ्या मनात आले आणि मी त्याला म्हटले, तुमची मंडळी घेऊन ये. तो इतका आनंदला, की त्याने मानधनाचे काही विचारलेच नाही. सात जण आले. मक्सीहून बसने, तंबुरे मांडीवर घेऊन. कार्यक्रम आठचा छापला होता. त्याआधी मुलांची वेशभूषा स्पर्धा, मग बक्षिसे, मग कोणाचे तरी सुगम संगीत लांबले. ते सात जण मंडपाच्या बाहेर, चपला काढायच्या जागेजवळ तंबुरे भिंतीला टेकवून बसून होते. त्यांना रंगमंचावर बोलावले तेव्हा पावणेअकरा वाजले होते आणि समोर तीस-एक माणसे असतील. वीस मिनिटे गायले. तिसरे भजन चालू असताना मी खालून घड्याळ दाखवले. मीच. त्यांनी भजन पुरे केले, हात जोडले, उतरले.

आणि मग जेवण. आपली पंगत साडेनऊलाच उठली होती. त्या सात जणांना मागच्या ओसरीवर पत्रावळी मांडून वाढले. जातीचे कोणी अक्षर काढले नाही. कोणी नाही म्हटले असेही नाही. फक्त तसे झाले. वाढायला आलेल्या वहिनींनी जिलबी वरून सोडली, हे मी पाहिले. माझ्याप्रमाणे त्या लाइनमननेही पाहिले. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला आणि नेहमीसारखा वागला. पुढे सहा वर्षे आम्ही एकत्र काम केले. त्याने त्या रात्रीचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

मला हे आज का आठवावे? तर त्याच वर्षांत, १९९१ पासून, देवासला काय चालले होते हे मला या चित्रपटांमुळे कळले. 'एकलव्य' ही शिक्षणाच्या क्षेत्रातली संस्था. तिने देवासला 'कबीर भजन एवं विचार मंच' सुरू केला होता. आसपासच्या गावांतल्या भजनमंडळ्या दर महिन्याला तिथे जमत. रात्रभर गात, आणि गाता गाता बोलतही. हे पद काय म्हणते? आपण गातो ते जगतो का? अयोध्येवरून देश पेटलेला होता तो हा काळ. आणि या लोकांनी, ज्यांना शाळेत शेवटच्या बाकावर बसवले होते त्यांनी, कबीराला समोर ठेवून जातीविषयी, कर्मकांडाविषयी वाद घातले. इथून चाळीस किलोमीटर. आम्ही तेव्हा इंदूरात कबीरावर व्याख्याने ठेवत होतो आणि वक्ते पुण्याहून बोलावत होतो.

चौथा चित्रपट, 'कबीरा खड़ा बाज़ार में', नेमका इथेच येऊन बसतो, आणि म्हणून तो अवघड आहे. टिपानियाजी एकलव्यच्या मंचावरही होते, आणि कबीरपंथातही. छत्तीसगडमधल्या दामाखेडा इथे कबीरपंथाची मोठी गादी आहे. त्या पंथात ते महंत झाले. चौका आरती, नारळ, गुरुमंत्र, सगळे विधी आले. ज्या कबीराने विधींची टिंगल केली त्याच्याच नावाने विधी! त्यांचे मित्र त्यांना विचारतात, हे कसे? कॅमेरा जवळ आहे. टिपानियाजी टाळत नाहीत, पण त्यांना ते सोपेही जात नाही. आपल्या सभागृहात त्या रविवारी कोणीतरी हळूच म्हणाले, "बघा, शेवटी हेही असेच." मला ते वाक्य फार लागले. आपण दहा दिवस मूर्ती मांडून आरत्या म्हणणारी माणसे. आपल्याकडे कोणी येऊन विचारले का कधी, की ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग म्हणता आणि ओसरी वेगळी कशी? पण बलाई वस्तीतल्या माणसाने मात्र कबीर पूर्ण, निर्दोष जगून दाखवला पाहिजे. ज्या माणसाला कोणत्याही देवळाच्या गाभाऱ्यात स्थान नव्हते, त्याला एका पंथाने गादीवर बसवले, तर त्या गादीचे त्याला काय वाटत असेल, याचा विचार आपल्यापैकी कोणी केला? चित्रपट निकाल देत नाही. मीही देत नाही. पण हसायचा अधिकार आपल्याला नाही, एवढे मला नक्की कळते.

थोडे विषयांतर करतो. आपण मराठी माणसांना कबीर परका मुळीच नाही. वारकऱ्यांनी त्याला आपल्यात धरले आहे, कीर्तनात त्याच्या कथा येतात. आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत आणि तिथे ते कबीराच्या शेजारी आहेत. कुमारजींनी कबीर गायला तसाच तुकाराम गायला. गाणी अशी हिंडत असतात. होळकरांबरोबर आपले पूर्वज इकडे आले त्याला अडीचशे वर्षे होऊन गेली. पुरणपोळी आणली, लावणी आणली, गणपती आणला. इथली पोहे-जिलबी घेतली, दालबाफले घेतले, बोलण्यात 'अपन' आणि 'भिया' घेतले. गाणे मात्र घेतले नाही. किंवा घेतले, पण ते कुमारजींनी धुऊन-पुसून, आपल्या बैठकीत शोभेल असे करून दिले तेव्हा. यात कुमारजींचा दोष नाही. त्यांनी तर खाटेवरून ऐकले होते. आपले पाय धडधाकट होते.

हे चित्रपट मी पहिल्यांदा पाहिले ते २०१० मध्ये. मुलगी बंगळुरूला असते, तिने डीव्हीडी आणल्या. लुनियाखेडीचा रस्ता पडद्यावर आला आणि मी म्हटले, अरे, हा आपला फीडर! मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे काम करत होतात? मग हे ऐकले असेल ना?" मी काय सांगणार? मी म्हटले, लांबून.

बाहेरून येऊन एखादी बाई आपल्याला आपला शेजारी दाखवते, याचा थोडा राग येतो. मलाही आला. वाटले, हिला काय कळते मालव्यातले? मग लक्षात आले, की ती तिथे रात्री थांबली. घरात गेली, ओसरीवर जेवायला बसली ती यजमानांच्या पंगतीत, आणि पुढे त्यांच्याकडे गाणे शिकली. मी पाच वर्षे रोज जाऊन अंधार पडायच्या आत परत आलो.

आता एक शंका. एका चांगल्या मित्राने मला विचारले, की या चित्रपटांमुळे टिपानियाजी जगभर गेले, पण बाकीच्या मंडळ्यांचे काय? रास्त प्रश्न आहे. कॅमेरा एकावर थांबतो तेव्हा शेजारचे अंधारात जातात. मालव्यात अशा भजनमंडळ्या अजून पुष्कळ आहेत. काहींतली तरुण मुले आता मोबाइलवर ऐकून तालीम करतात, तीही टिपानियाजींच्या चालीवर. आपल्या गावचा पाठ मागे पडतो. प्रसिद्ध चाल बाकीच्या चाली खाते, हे आपण आपल्या आरत्यांत पाहिलेच आहे. विरमानीबाईंनी 'अजब शहर'मध्ये एकाच पदाचे निरनिराळ्या गायकांचे पाठ जवळजवळ ठेवले आहेत, तो यावरचा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे जाऊन ऐकणे. तो आपल्याला सर्वात सोपा आहे आणि इतरांना सर्वात अवघड.

शेवटचे, आणि हे कार्यकारिणीच्या परवानगीने सांगतो आहे.

मागच्या महिन्यात मी त्या लाइनमनकडे गेलो होतो. तो निवृत्त झाला आहे, गावी असतो. गुडघे माझ्यासारखेच गेले आहेत. चहा झाला. मी १९९३ चा विषय काढला. तो बराच वेळ अंगणाकडे पाहत होता. मग म्हणाला, "साहब, उस दिन तीसरा भजन अच्छा जम रहा था." बाकी काहीच बोलला नाही. मी माफी मागायला गेलो होतो, ती मागितली. त्याने मान हलवली. तिचा अर्थ मी लावत बसलो नाही.

त्याची मंडळी आता त्याचा पुतण्या चालवतो. यंदा आपल्या गणेशोत्सवात सातव्या दिवशी ते येत आहेत, नऊ जण. त्यांना आणायला गाडी जाईल. त्या संध्याकाळी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवलेला नाही. वेशभूषा स्पर्धा पाचव्या दिवशी घेतली आहे, पालकांनी नोंद घ्यावी. भजन रात्री आठला सुरू होईल आणि त्यांना वाटेल तेव्हा संपेल. जेवण आधी, साडेसहाला, मंडपातच, एका पंगतीत. पत्रावळ्या सगळ्यांना सारख्या. वाढायला माणसे कमी आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाताना माझ्याकडे नाव द्यावे. जिलबीची जबाबदारी मी घेतली आहे.